पक्का धर, घट्ट नको

आखातातल्या सबाह अल-सालेम भागातल्या आमच्या घरात फ्रिजवर चुंबकाखाली एक गळ लावलेला आहे. पाहुणे विचारतात, हे काय, झुरळ आहे का? मी सांगते, कोळंबी आहे. पाहुणे सभ्य असले तर "हो का" म्हणून चहा पितात. पांढरट पीस, नारिंगी दोरा, डोळ्यांच्या जागी दोन काळे मणी आणि त्यातलाही एक निसटून खाली आलेला. दोऱ्याचे वेढे कुठं एकावर एक चढलेत, कुठं मधे गळाचं लोखंड दिसतंय. ज्या माणसानं हे बनवलं त्याचं जुनं काम तुम्ही पाहिलं असतं, तर हेही त्याचंच आहे यावर तुमचा विश्वास बसला नसता. मला ते काढून टाकावंसं वाटतं आणि काढवत नाही.

तो माणूस म्हणजे दाऊदभाई. श्रीवर्धनच्या बाजूचे. मी मिरजेची. इथल्या एका सरकारी हॉस्पिटलात लहान मुलांच्या वॉर्डात मी नर्स आणि ते रक्त घेणारे टेक्निशियन. बारा वर्षं आमचं काम एकच होतं. मी पोराचा हात धरायची आणि ते सुई टोचायचे. ऐकायला सोपं वाटतं. ज्यानं दोन किलोच्या बाळाची शीर शोधली आहे त्याला विचारा. ती असते ओल्या दोऱ्याएवढी, आणि तिचा मालक हातपाय झाडून सगळा मजला डोक्यावर घेत असतो. दोन-तीन डॉक्टर घामाघूम झाले की कोणीतरी म्हणायचं, "दाऊदला बोलवा."

मग हे यायचे. बेताची उंची, किंचित सुटलेलं पोट, खिशात कायम वेलदोडे. आल्यावर आधी बाळाकडं बघायचेच नाहीत. आईकडं बघायचे आणि आमच्या हॉस्पिटली अरबीत सांगायचे, "मर्रा वहदा." फक्त एकदा. मग माझ्याकडं वळून, "धर गो बाय. पक्का धर, घट्ट नको."

यातला फरक मला पहिल्या आठवड्यात कळला नव्हता. तेव्हा त्यांनी माझंच मनगट धरून दाखवलं होतं. आधी आवळून धरलं, तर मी नकळत हात ओढला. मग तसंच धरलं पण आवळलं नाही, आणि माझा हात मुकाट्यानं तिथं राहिला. "घट्ट धरणारा आपला भ्या पोराला देतो," ते म्हणाले. "पोराकडं आधीच सोताचा भ्या हाय."

ते "फक्त एकदा" म्हणजे आईची समजूत काढायला नव्हतं. तो त्यांचा कायदाच होता. एकदा टोचायचं. चुकलं तर सुई खाली ठेवायची आणि दुसऱ्याला बोलवायचं. हे कितपत खरं, याची परीक्षा एकदा माझ्यासमोर झाली. दस्मानकडच्या कुठल्याशा बड्या घरातलं बाळ आलं होतं. बापाचा पायघोळ पांढरा दिशदाशा असा कडक की बसला तर मोडेल असं वाटावं. आमचे मुदीर, म्हणजे हॉस्पिटलचे डायरेक्टर, स्वतः खाली उतरून शेजारी उभे. दाऊदभाईंनी टोचलं आणि शीर सरकली. बारा वर्षांत असं मी चार-पाच वेळाच पाहिलं असेल. त्यांनी सुई ट्रेमध्ये ठेवली, हातमोजे काढले आणि दोन महिन्यांपूर्वी लागलेल्या नव्या मुलीला हाक मारली. मुदीर म्हणाले, तूच परत कर. बाप म्हणाला, तूच कर. हे नाही म्हणून मान हलवत राहिले. त्या मुलीनं ट्रे जवळ ओढला आणि तिला शीर मिळाली. दाऊदभाई बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन वेलदोडा चघळत उभे राहिले होते.

"मुदीर चिडले असतील," मी नंतर म्हणाले.

"चिडू दे. दुसऱ्या वेळी आपण शीर शोधत नाय गो, आपली अब्रू शोधतो. आन ती पोराच्या हातात कशी गावायची?"

त्यांना दुसरा एक नाद होता. तो मला त्यांच्या टेबलाच्या खणामुळं कळला. एकदा टेप शोधायला खण उघडला तर आत एका कापसाच्या डबीत कोळंब्या ओळीनं झोपलेल्या. पिसांच्या. तारीख उलटून गेलेला टाक्यांचा रेशमी दोरा, शुक्रवारच्या बाजारात पक्षी विकणाऱ्यांच्या पिंजऱ्यांखालून वेचलेली पिसं, मुलीच्या तुटलेल्या माळेचे मणी. जेवणाच्या सुट्टीत बारीक चिमट्यात गळ धरून हे त्याच्यावर दोरा गुंडाळत बसायचे. वेढा वेढ्याला असा चिकटून यायचा की बोट फिरवलं तर गुळगुळीत लागावं. पूर्वी इथं एक स्कॉटिश भूलतज्ज्ञ होता, त्यानं त्यांना ही विद्या दिली होती आणि जाताना आपली गळाची काठीही दिली होती. गळाला खरं आमिष लावायचंच नाही, पिसाचा जीव करून माशाला फसवायचं.

श्रीवर्धनच्या माणसाला गळ टाकून मासे गरवायला कोणी शिकवावं लागत नाही. पण हे गरवणं वेगळं होतं आणि ते करायला खाडी लागायची. दाऊदभाईंकडं गाडी नव्हती, कारण लायसन्स नव्हतं, कारण इथं लायसन्सच्या अटी त्यांच्या हुद्द्याला झेपत नव्हत्या. आमच्या यजमानांकडं, म्हणजे विनायककडं, गाडी होती आणि शुक्रवार रिकामा होता. असे आम्ही त्यात ओढले गेलो. फेब्रुवारी लागला, वाळवंटावर हिरवी लव दिसायला लागली, की दर शुक्रवारी दाऊदभाई आणि त्यांची काठी मागच्या सीटवर, माझी मुलगी इरा त्यांच्या शेजारी, आणि आम्ही खैरानच्या वाटेला.

या दिवसांत तिथल्या उथळ खाडीत शीम नावाची मासळी येते. आपल्याकडच्या पालूसारखी, पिवळ्या परांची. पाणी गुडघ्याएवढं, तळ स्वच्छ, ओहोटी उलटून पाणी आत यायला लागलं की त्याच्याबरोबर माशांच्या सावल्या आत येतात. दाऊदभाई विजार दुमडून पाण्यात उभे राहायचे. काठी पुढं-मागं झुलवत तो जाड दोर डोक्यावरून हवेत ताणायचा आणि शेवटच्या हेलकाव्याला ती बिनवजनाची कोळंबी माशाच्या नाकासमोर अलगद उतरवायची. वॉर्डातला पोट सुटलेला माणूस तिथं दिसायचाच नाही. मला मासेमारीतलं ओ की ठो कळत नाही, तरी मी तासन् तास बघत बसायची.

आणि तिथंही तोच कायदा. एका माशाला एकदाच. माशानं तोंड फिरवलं की हे दोर गोळा करून पुढच्या सावलीकडं निघाले. विनायक काठावरून ओरडायचा, "भाई, तो मासा आहे, मंत्री नाही. दुसऱ्यांदा विचारलं तर चालतं." हे हात हलवून गप्प करायचे.

शीम लागलीच तर आधी दोन्ही हात पाण्यात बुडवून गार करायचे, मासा पाण्यातच धरायचा, गळ काढायचा आणि सोडून द्यायचा. कारण या दिवसांत तिच्या पोटात गाभोळी असते. आता कोकणातला माणूस गाभोळीची मासळी हातात आलेली सोडतो, हे ऐकून त्यांच्या खोलीवरच्या रत्नागिरीकरांनी कपाळाला हात लावला होता. असल्या माणसाला पोरगी कोणी दिली, असं त्यांच्यातला एक मला म्हणाला होता. इरानं एकदा त्यांना विचारलं, "अंकल, व्हाय डू यू थ्रो हर बॅक?" तर म्हणाले, "तिच्या घरी काम हाय." आणि परतीच्या वाटेवर हे महाशय विनायकला गाडी शर्कच्या मासळीबाजाराकडं घ्यायला लावायचे आणि तिथं घासाघीस करून मासळी विकत घ्यायचे. दिवसभर पाण्यात उभं राहून, संध्याकाळी पैसे मोजून. विनायकचा अगदी जीव जायचा.

हे सगळं मी हसत सांगतेय, पण यातलं काहीही आठवलं की मागोमाग गेल्या वर्षीचा फेब्रुवारी आठवतो.

पहिल्याच शुक्रवारी वारा बोचरा होता. दाऊदभाई गळ बांधत होते आणि ते बराच वेळ बांधतच होते. दोऱ्याचं टोक गळाच्या नेढ्यात जाईना. मी बघतेय हे पाहून म्हणाले, "थंडी हाय." थंडी होतीच. मग रमजान आला. एका सकाळी आम्ही एका तान्ह्या मुलाचं रक्त घेत होतो. मी हात धरला, त्यांनी डाव्या हाताच्या बोटांनी त्याची कातडी ताणली, आणि मला बाळाच्या हातातून काहीतरी जाणवलं. पाण्याचा पंप चालू असताना पाइपला हात लावला की लागतं ना, तसं. बाळ थरथरत नव्हतं. सुई नीट गेली, रक्त आलं. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "रोजा हाय ना, सकाळपास्नं पाणी नाय." मी म्हणाले, हो, खरंय.

ईद झाली. शेवया खाऊन झाल्या. पंप चालूच होता.

आता मी काय करायला हवं होतं ते मला तेव्हाही माहीत होतं. सुपरवायझरला सांगायचं, नाहीतर निदान दाऊदभाईंना तरी. पण माझ्यासमोर दुसरा हिशेब उभा होता. त्यांच्या दोन मुलींपैकी धाकटी फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला. त्यांना इथं अजून चार वर्षं काढायची होती, हे त्यांनीच कितीदा सांगितलेलं. ज्याच्या हाताला काम नाही त्याचा इकामा नाही, आणि ज्याचा राहण्याचा परवाना संपला त्याचं विमान ठरलेलं. एवढा चांगला हात. थोडा कापतो, पण शीर अजून सापडते. आणि मी कोण सांगणारी?

मग मी एक शहाणपणा केला. बारीक बाळं आली की मी गुपचूप दुसऱ्या टेक्निशियनला बोलवायची आणि दाऊदभाईंकडं दांडगी, फुगलेल्या शिरांची पोरं पाठवायची. आणि जेव्हा त्यांनाच बोलवावं लागायचं तेव्हा मी पोराचा हात आवळून धरायची. हात जागचा हललाच नाही तर थरथर सुईपर्यंत जाणार नाही, असा माझा हिशेब. तो बरोबरही निघाला. दोन महिने एकही सुई चुकली नाही. मी स्वतःवर खूष होते, हे सांगायला आज लाज वाटते.

जूनमध्ये एक इजिप्शियन बाई आपल्या आठ महिन्यांच्या मुलीला घेऊन परत आली. आदल्या दिवशी आम्ही तिचं रक्त घेतलं होतं. बाईनं फ्रॉकची बाही वर केली. कोपराच्या वर एका बाजूला चार निळे डाग, दुसऱ्या बाजूला एक. बाई ओरडली नाही. ती फक्त विचारत होती, हे कोणी केलं? चार्ज नर्सनं फाइल काढली. त्यात दोन नावं होती.

दाऊदभाईंनी मुलीला मांडीवर घेतलं, तिचा हात खिडकीच्या उजेडात धरला आणि बराच वेळ बघितला. मग ती आईकडं दिली आणि मला ट्रीटमेंट रूममध्ये यायला सांगितलं. दार लावलं.

"सुईचा डाग एकच हाय," ते म्हणाले. "जागीच हाय. मंग एवढा घट्ट कशाला धरलास?"

मी ट्रेमधले कापसाचे बोळे नीट लावायला लागले.

"तू कदी घट्ट धरत नाय. बारा वर्षांत नाय धरलास." ते स्वतःच्या हाताकडं बघत होते. "कदीपास्नं ठाऊक हाय तुला?"

"रमजानपासून."

"मंग सांगायचा की गो बाय."

एवढंच म्हणाले. त्यांनी आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. मी म्हणाले, तुमच्यासाठीच केलं, दाऊदभाई. ते म्हणाले, "माझ्यासाठी केलास, पन धरलास तिला." आणि मग, "मना पन ठाऊक होता. मी रोज म्हणायचो, आजचा दिस जाऊ दे. तुला बोल लावून काय करू?"

ते तिथून सरळ सुपरवायझरकडं गेले. काय बोलले ते मला दुसऱ्या दिवशी चार्ज नर्सकडून कळलं. माझा हात कापतो, सिस्टरला ते माहीत नव्हतं, पोर हलतंय असं वाटून तिनं जोरात धरलं, चूक माझी, असं ते म्हणाले होते. माझ्या फाइलमध्ये एक ओळसुद्धा आली नाही. मी जाऊन खरं सांगू शकत होते. मी घरी जाऊन विनायकला सांगितलं, तो म्हणाला, आता बोलून त्यांचं काही परत येणार आहे का? नव्हतं येणार. हे उत्तर मला सोयीचं होतं, म्हणून मी ते घेतलं. दाऊदभाईंच्या बाबतीत मी दोनदा गप्प बसले. पहिल्यांदा त्यांच्यासाठी असं म्हणता येईल. दुसऱ्यांदाचं काय म्हणायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यांच्या थरथरीला डॉक्टरांकडून एक नाव मिळालं आणि गोळ्या मिळाल्या. हॉस्पिटलनं कंत्राट संपेपर्यंत, म्हणजे फेब्रुवारीपर्यंत, त्यांना काउंटरवर बसवलं. रक्ताच्या नळ्यांवर लेबलं चिकटवायची. ती लेबलं तिरकी लागायची. पण सवय कुठं जाते, अवघड बाळ आलं की कोणीतरी अजून म्हणायचंच, "दाऊदला बोलवा." ते यायचे. दोन्ही हात कोटाच्या खिशात. वाकून बाळाच्या हाताकडं बघायचे आणि हनुवटीनं दाखवायचे, इथं. नवी टेक्निशियन तिथं टोचायची आणि शीर मिळायची. मला मात्र ते आता "पक्का धर" म्हणत नव्हते. मी धरायची आणि माझी बोटं मला परक्या बाईची वाटायची.

जायच्या आधीचा शुक्रवार आला. रमजानला चार-पाच दिवस होते, रोजे घरी धरायचे म्हणून त्यांनी तिकीट त्याआधीचं काढलं होतं. मला वाटलं होतं, आता काही ते यायचे नाहीत. तर सकाळीच काठी घेऊन बिल्डिंगखाली उभे.

गाडी वाटेला लागली. विनायकनं गाण्यांचा आवाज वाढवला आणि मग बंदच केला. इरा परीक्षेचं सांगून घरी राहिली होती. खाडीवर पाणी नुकतंच आत यायला लागलं होतं. दाऊदभाईंनी डबीतून ही कोळंबी काढली, आमच्या फ्रिजवरची. "काल बनवली," म्हणाले. "अक्खी दुपार गेली." बांधायला मात्र त्यांनी ती माझ्याकडं दिली. मी गाठ मारली. टाके घालताना बघून बघून एवढं तरी शिकले होते.

ते पाण्यात उतरले. मीही सलवार वर करून मागोमाग गेले, पाणी बर्फासारखं होतं. आम्ही उभे राहिलो. बऱ्याच वेळानं समोर वीसेक पावलांवर एक सावली आली, थांबली, तळाशी नाक खुपसून काहीतरी टिपायला लागली. दाऊदभाईंनी काठी उचलली. तिचं टोक हवेत नुसतं थुईथुई करत होतं. त्यांनी ती खाली केली. दोन श्वास घेतले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "धर गो बाय."

पुढचं ते बोलले नाहीत.

मी दोन्ही हातांनी त्यांचा हात कोपराखाली धरला. तो पंप माझ्या तळव्यात, मनगटात, थेट खांद्यापर्यंत आला. घट्ट कुठं संपतं आणि पक्कं कुठं सुरू होतं, हे मी बारा वर्षं रोज केलं होतं, आणि त्या क्षणी मला आठवेना. काठी मागं गेली, पुढं आली, तिच्याबरोबर मीही मागंपुढं झाले. दोर सुटला. कोळंबी कुठं उतरली, शीम तिच्याकडं वळली की पळाली, ते विनायकला विचारा, तो काठावर उभा होता. मी माझ्या बोटांकडं बघत होते.

"झाला," दाऊदभाई म्हणाले आणि दोर गोळा करायला लागले. एकदाच.

काठावर आल्यावर त्यांनी कोळंबी माझ्या हातात ठेवली. काठी पुसून पिशवीत घातली. मी म्हणाले, "दाऊदभाई, हात बघू."

"काय नाय झाला," म्हणत त्यांनी शर्टाची बाही खाली ओढली आणि मनगटाची गुंडी लावायला लागले. ती निसटली. त्यांनी परत धरली, परत निसटली. तिसऱ्यांदा काजापर्यंत आली आणि फिरली. विनायक गाडी चालू करून बसला होता. मी पुढं झाले असते तर एका सेकंदाचं काम होतं. मी माझे हात मागं बांधले आणि चौथ्यांदा ती लागेपर्यंत तिथंच थांबले.